बाहेर जाणारी बँडविड्थ मोकळी आहे, सार्वजनिक मिरर चालवावा का?

रॅकवाली

मी जिथे नेटवर्क सांभाळते तिथली लाइन दोन्ही बाजूंनी सारख्याच क्षमतेची आहे. आत येणारी बाजू दिवसभर तुडुंब, बाहेर जाणारी जवळपास कोरडी. पैसे मात्र पूर्ण लाइनचे जातात. शिवाय एक जुना सर्व्हर नुकताच मोकळा झालाय, डिस्क भरपूर, मेमरीही बरी. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "खर्च वाढणार नसेल तर कर काय करायचं ते." मी त्याला परवानगी धरून चालले आहे.

म्हणून मनात आलं की ओपन सोर्सचा एखादा सार्वजनिक मिरर, म्हणजे प्रकल्पाच्या फायलींची कुणालाही उतरवता येईल अशी हुबेहूब प्रत, उभा करावा. इतकी वर्षं फुकट उतरवून घेत आलो, थोडी परतफेड होईल. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, हे खूळ जुन्या जमान्यातलं. आता सगळं सीडीएनवरून (मोठ्या कंपनीच्या जगभर पसरलेल्या सर्व्हरांवरून) येतं, तुझ्या मिररला कुत्रंही विचारणार नाही.

इथे मिरर चालवणारे, चालवून सोडून दिलेले आणि नुसतंच डाउनलोड करणारे असे सगळेच असतील. आजच्या घडीला याला अर्थ आहे का? असेल तर कुठल्या प्रकल्पापासून सुरुवात करावी? आणि हे प्रकरण खरोखर किती वेळ खातं? अनुभवाचं सांगा, माहितीपत्रकातलं नको.

उगाच

पहिला नंबर लावून ठेवतो. आम्ही नुसतंच डाउनलोड करणाऱ्या गटातले, मागच्या बाकावरून ऐकतो.

टर्मिनलवाला

सहकाऱ्याशी सहमत. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोचा (तयार लिनक्स संचाचा) हल्लीचा नेहमीचा पत्ता सीडीएनवर जातो, तीही फास्टली कंपनीने दान दिलेली सेवा. पायथनच्या पॅकेजांचं कोठार पायपीआय फास्टलीवरच. पायथनवाल्यांनी तर २०१३ मध्ये पीईपी ४४९ हा ठराव आणून सार्वजनिक मिरर आपोआप शोधायची सोयच मोडीत काढली. पर्ल भाषेचं कोठार सीपॅन १९९५ पासून मिररांच्या जिवावर वाढलं, त्याचाही मुख्य पत्ता आता सीडीएनमागे आहे.

कारण सरळ आहे. जगभरातल्या अनोळखी लोकांनी आपापल्या सवडीने चालवलेले सर्व्हर म्हणजे एक शिळा, एक बंद, एकाचं टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र संपलेलं, आणि शिव्या खायला प्रकल्पवाले. हौस असेल तर जरूर करा, पण गरज म्हणून करू नका.

जुनं_खोड

टर्मिनलवाला, तुम्ही सांगितलेली उदाहरणं खरी आहेत, निष्कर्ष मात्र अर्धाच आहे.

सीडीएन म्हणजेसुद्धा दानच ना? फरक इतकाच की आधी शेकडो लहान दाते होते, आता एक-दोन मोठे आहेत. मोठ्या दात्याचं मन बदललं, कंपनी विकली गेली, नवा अर्थप्रमुख आला, की प्रकल्प उघड्यावर. निक्सओएस या लिनक्स डिस्ट्रोचं बघा. त्यांच्या बायनरी कॅशेच्या (तयार पॅकेजांच्या साठ्याच्या) साठवणुकीचं बिल लॉजिकब्लॉक्स ही कंपनी वर्षानुवर्षं भरत होती. २०२३ मध्ये ते थांबलं आणि मंडळींना वर्गणी गोळा करत नवी सोय शोधावी लागली. त्याआधी २०२१ च्या फेब्रुवारीत जेफ्रॉग कंपनीने जेसेंटर हे जावा-अँड्रॉइड लायब्रऱ्यांचं कोठार बंद करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा अँड्रॉइडवाल्यांची जी पळापळ झाली ती ज्यांनी बिल्डच्या फायली बदलल्या त्यांना विचारा. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, इतकी वर्षं दिलं हेच पुष्कळ. पण एकाच खांबावर छप्पर टाकलं की असं होतं.

लिनक्सची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये फिनलंडच्या फुनेटच्या एफटीपी सर्व्हरवर ठेवली गेली. तिथून विद्यापीठांच्या सर्व्हरांनी ती उचलली आणि पुढे सरकवली. समुद्राखालच्या तारांवर तेव्हा बँडविड्थ इतकी महाग की आपल्या खंडातला मिरर सोडून दुसरीकडून उतरवणं असभ्यपणाचं समजलं जाई. आता तो काळ नाही, मान्य. पण फेडोरा, आर्च, ओपनसुसे, व्हीएलसी, लिब्रेऑफिस, सीटॅन (टेकचं कोठार), हे सगळे आजही मिररांच्या जाळ्यावर चालतात. फक्त वापरणाऱ्याला मिरर दिसत नाही, कारण मधे रीडायरेक्टर बसलेला असतो. फेडोराकडे मिररमॅनेजर, ओपनसुसेकडे आधी मिररब्रेन आणि आता मिररकॅशे, व्हीएलसीवाल्या व्हिडिओलॅनने स्वतःचा मिररबिट्स लिहिला. तुम्ही 'डाउनलोड' दाबता, तो तुमचा पत्ता कुठल्या भागातला ते बघतो, ती फाइल कुणाकडे खरोखर पोचली आहे ते बघतो आणि तिकडे पाठवतो.

तेव्हा कुत्रं विचारतं. आपल्याला कळत नाही इतकंच.

अनुस्वार

+१. 'एकाच खांबावर छप्पर' आवडलं.

रात्रपाळी

मी एका शिक्षणसंस्थेचा मिरर बरीच वर्षं सांभाळतोय, त्यामुळे रॅकवालींच्या तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो.

आधी बँडविड्थचा हिशेब. १ गिगाबिटची लाइन महिनाभर काठोकाठ चालली तर सुमारे ३२४ टेराबाइट बाहेर जातात. तुमचं तेवढं कधीच जाणार नाही. एरवी संथ वाहत असतं आणि एखाद्या मोठ्या डिस्ट्रोची नवी आवृत्ती आली की एक-दोन दिवस आलेख सरळ छताला टेकतो. तुमचं बिल ९५ व्या पर्सेंटाइलने येत असेल तर त्यातही गंमत आहे. पाच-पाच मिनिटांच्या नोंदींतल्या वरच्या ५ टक्के सोडून देतात, म्हणजे महिन्यातले सुमारे ३६ तास. आवृत्तीच्या दिवसाचा उसळलेला आकडा बहुधा त्यातच जिरतो. शिवाय आत आणि बाहेर यांपैकी जी बाजू जास्त तिचेच पैसे लागतात अशी रीत बऱ्याच ठिकाणी असते. तुमची आतली बाजू जड आहे, म्हणजे बाहेरची तिच्याखाली राहीपर्यंत फुकटच. करारात एकदा बघून घ्या.

गंमत म्हणजे तो आवृत्तीचा दिवस सर्व्हरला सोपा जातो. सगळे तीच एक आयएसओ (अख्खी सिस्टिम बसवायची फाइल) मागतात, ती मेमरीत बसते, डिस्कला झोप काढता येते. डिस्कचा जीव जातो तो रोजच्या साध्या सिंकमध्ये. आरसिंक, म्हणजे प्रत ताजी ठेवणारं साधन, सुरू झालं की लाखो फायलींची यादी करायला प्रत्येकीला हात लावतं, आणि त्याच वेळी वाचणारे लोक इकडच्या तिकडच्या बारक्या फायली मागत असतात. फिरत्या डिस्कची डोकी नुसती सैरावैरा पळतात. म्हणून फायलींचा मेटाडेटा (नावं, आकार, तारखा) तरी एसएसडीवर ठेवा, आणि फाइलसिस्टिमची वाचनाच्या वेळेची नोंद बंद करा. एवढ्याने निम्मी कटकट जाते.

रॅकवाली

पर्सेंटाइलचं डोक्यातच नव्हतं! करार काढायला सांगते. सिंक म्हणजे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) एक आरसिंकची ओळ टाकली की झालं ना?

रात्रपाळी

तिथेच तर मेख आहे. डेबियनसारख्या रेपोत (पॅकेजांच्या भांडारात) दोन प्रकारच्या गोष्टी असतात: पॅकेजं, आणि त्या पॅकेजांच्या याद्या. साधा आरसिंक वर्णक्रमाने चालतो. डेबियनच्या झाडात 'डिस्ट्स' आधी येतं, 'पूल' नंतर. म्हणजे नवी यादी आधी पोचते आणि त्यातली पॅकेजं अजून वाटेवर असतात. त्या मधल्या वेळात कुणी अपडेट केलं की ४०४, फाइल सापडत नाही. म्हणून दोन टप्पे करतात. आधी फक्त पॅकेजं आणायची, काहीही पुसायचं नाही. मग याद्या आणायच्या. जुनं पुसायचं ते अगदी शेवटी. डेबियनची एफटीपीसिंक नावाची स्क्रिप्ट हे सगळं करते, वर 'ट्रेस' फोल्डरमध्ये तुम्ही केव्हा आणि कुठून सिंक केलंत त्याची नोंदही ठेवते. तीच वापरा, स्वतःची लिहायच्या फंदात पडू नका.

आणि 'हॅश सम मिसमॅच' (फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळत नाही) हे वाक्य ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगतो, ते बहुतेकदा असंच अर्धवट सिंक झालेल्या क्षणी गाठल्यामुळे येत असे. आता याद्या त्यांच्या हॅशच्या नावाने वेगळ्याही ठेवतात, त्यामुळे खूप कमी झालंय.

उगाच

'हॅश सम मिसमॅच'साठी मी आजवर स्वतःच्या वायफायला शिव्या देत होतो. वायफायची माफी मागून येतो.

शंकासुर

एक भाबडा प्रश्न. कुणीही सोम्यागोम्या मिरर उभा करणार आणि मी त्यावरून आणलेलं रूट होऊन बसवणार. हे सुरक्षित कसं? बरेच मिरर तर साध्या एचटीटीपीवर असतात.

सहीशिक्का

भाबडा मुळीच नाही. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच करून बघितलं. एका काल्पनिक कंपनीच्या नावाने सर्व्हर भाड्याने घेतला, मिरर म्हणून अर्ज केले आणि नामांकित डिस्ट्रोंच्या अधिकृत यादीत जाऊन बसले.

पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर विश्वास मिररवर नसतो, सहीवर असतो. डेबियनमध्ये रिलीज फाइलवर प्रकल्पाची जीपीजी (डिजिटल) सही, त्या फाइलमध्ये याद्यांचे हॅश, याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. मधे कुणी एक बाइट बदलला तरी साखळी तुटते. तरी एक वाट उरते: मिररवाला काहीच न बदलता जुनीच, खरी सही असलेली पण भोकं असलेली आवृत्ती वाढत राहिला तर? त्यासाठी सुरक्षा अपडेटांच्या रिलीज फाइलवर 'अमुक तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. फेडोरा तर मेटालिंकमधूनच (मिररांची यादी देणाऱ्या फाइलमधूनच) याद्यांचा ताजा हॅश देतं, शिळा मिरर तिथेच पकडला जातो.

धोका खरा आहे तो हाताने उतरवलेल्या फायलींत. २०१२ मध्ये सोर्सफोर्जच्या एका मिररवरच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या झिपमध्ये चोरदरवाजा सापडला. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेकच्या एका डाउनलोड मिररवर मॅकची फाइल बदलून ट्रोजन घातलेली ठेवली होती. दोन्ही ठिकाणी चेकसम (फाइलचा हॅश) ताडून पाहणारे वाचले.

टर्मिनलवाला

सहीवर फार भिस्त ठेवू नका. २०१९ च्या जानेवारीत खुद्द एपीटीमध्येच (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरमध्येच) भोक निघालं होतं, रीडायरेक्ट हाताळताना मधल्या माणसाला खोटे हॅश घुसवता येत होते. आणि एक्सझेड ही फायली दाबायची लायब्ररी? २०२४ मध्ये सही पक्की, आतला माल विषारी.

सहीशिक्का

दोन्ही मान्य. पण एक्सझेडमध्ये मिररचा काय संबंध? सही फक्त कुणी दिलं ते सांगते. देणाराच फिरला तर सीडीएनवरूनही तेच विष येणार, फक्त जास्त वेगाने.

जुनं_खोड

:) हे वाक्य ठेवून घेतलं.

लॉगबुक

थोडं अवांतर, पण बँडविड्थ जाते कुठे यावर कुणीच बोललं नाही. आमच्या मिररचे लॉग कधी उघडून बसले की हसावं की रडावं कळत नाही. एकच पत्ता, एकच आयएसओ, दर काही मिनिटांनी, सुटीच्या दिवशीसुद्धा. पलीकडे माणूस नसतोच, कुणाच्या तरी सीआयची (कोड बदलला की आपोआप चाचणी करणारी) पाइपलाइन असते. एका कॉमाची दुरुस्ती केली की नवा कंटेनर उभा राहतो, तो अख्खी सिस्टिम नव्याने उतरवतो, चाचणी करतो आणि स्वतःसकट सगळं फेकून देतो.

जावाचं कोठार मेव्हन सेंट्रल चालवणाऱ्या सोनाटाइपने २०२४ मध्ये आकडा दिला होता: १ टक्का पत्ते ८३ टक्के बँडविड्थ खातात. हा १ टक्का म्हणजे गरीब विद्यार्थी नव्हेत हो. पाणपोईवर टँकर लावल्यासारखं आहे हे.

उगाच

आणि टँकरवर पाटी, 'आमचा ओपन सोर्सला सक्रिय पाठिंबा'.

मृण्मयी_लिहिते

लॉगबुक, हे फक्त सॉफ्टवेअर उतरवण्यापुरतं नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २००८ मध्ये लिहिलं होतं की एचटीएमएलच्या डीटीडी (रचनेचे नियम सांगणाऱ्या) फायलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात. ज्या फायली वर्षानुवर्षं बदलत नाहीत त्या! कुणाच्या तरी एक्सएमएल लायब्ररीला कॅशे म्हणजे काय ते माहीत नव्हतं, बस.

आणि आता एआयचे क्रॉलर. सॉफ्टवेअरची कागदपत्रं ठेवणाऱ्या रीड द डॉक्सकडून २०२४ च्या मे महिन्यात एकाच क्रॉलरने ७३ टेराबाइट झिप फायली नेल्या, तेच तेच पुन्हा पुन्हा. बँडविड्थचं बिल ५,००० डॉलरच्या वर गेलं. मी कागदपत्रं लिहिणाऱ्यांतली, आमच्या लिखाणाला एवढा वाचक कधी लाभला नव्हता.

खडूस_प्रशासक

उपाय सोपा आहे. ४२९ ('फार मागण्या झाल्या' हे उत्तर) द्या आणि झोपा. कंटेनरच्या तयार इमेज देणाऱ्या डॉकर हबने २०२० मध्ये निनावी लोकांना सहा तासांत १०० डाउनलोडांची मर्यादा घातली, आठवडाभर आरडाओरडा झाला, मग सगळ्यांना अचानक स्वतःचा कॅशे लावता आला. इतके दिवस जमत नव्हतं म्हणे.

शंकासुर

सोपं दिसतंय, पण एका पत्त्यामागे अख्खं महाविद्यालय बसलेलं असतं तेव्हा? टँकरवाल्याला नवे पत्ते विकत घेता येतात. एनएटीमागच्या (एकच पत्ता वाटून घेणाऱ्या) पोरांना येत नाहीत. मर्यादा घातली की आधी मरतो तो तिसराच.

खडूस_प्रशासक

मग त्या महाविद्यालयाने आत एक एपीटी-कॅशर (एकदा आणलेली पॅकेजं साठवून आत वाटणारा) टाकावा. दुपारभराचं काम आहे. फेडोरात तर खाजगी मिरर नोंदवून आपल्या पत्त्यांची रेंज दिली की आतल्या मशिनी आपोआप तिकडे वळतात. पायथनसाठी डेव्हपाय आहे, जावासाठी नेक्सस. साधनं आहेत, इच्छा नाही.

जुनं_खोड

शंकासुर यांचा मुद्दा इतक्या सहज उडवून लावू नका. पण मूळ दुखणं पैशाचं आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ओपन सोर्सची सुरक्षा बघणाऱ्या ओपनएसएसएफच्या पुढाकाराने पायथन, रस्ट, एक्लिप्स या फाउंडेशनांनी आणि सोनाटाइपसारख्यांनी मिळून एक खुलं पत्र काढलं. सार यह की... माफ करा, हिंदी शिरली. सार असं की ही यंत्रणा फुकट नाही आणि व्यापारी पातळीवर वापरणाऱ्यांनी त्या प्रमाणात भार उचलावा. माझं मत तेच आहे. हौशी माणसाने एकट्या-दुकट्याला द्यावं, कंपनीच्या बिल्ड फार्मला पोसणं हे आपलं काम नव्हे.

टर्मिनलवाला

म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. हा व्यवहार मोठ्यांमधला आहे, हौशी मिररने त्यात काय फरक पडणार?

जुनं_खोड

पडतो, कसा ते सांगतो. एफसीआयएक्स या इंटरनेट एक्स्चेंजच्या मंडळींनी २०२२ मध्ये मायक्रो मिरर सुरू केले. राक्षसी सर्व्हर नाही, पुस्तकाएवढा जुना थिन क्लायंट (छोटा संगणक) आणि त्यात दोन टेराबाइटची एसएसडी. तेवढ्यात बसतील असे मोजकेच प्रकल्प ठेवायचे, पण ज्यांना सर्वाधिक मागणी आहे तेच. ती पेटी एखाद्या नेटवर्कवाल्याला पाठवायची, त्याने वीज आणि एक पोर्ट द्यायचा, बाकी सिंक, देखरेख, दुरुस्ती सगळं हे लोक दुरून करतात. मिरर बंद पडतात ते बँडविड्थ संपली म्हणून नाही, बघणारा माणूस निघून गेला म्हणून. या लोकांनी नेमकं तेच ओळखलं.

रात्रपाळी

याला माझा दुजोरा. माझ्या माहितीतला एक चांगला मिरर असाच गेला. चालवणारा पदवी घेऊन बाहेर पडला, त्याचा ईमेल बंद झाला, प्रकल्पांनी पाठवलेल्या सूचना कुठेच पोचेनात. सर्व्हर बिचारा कित्येक महिने जुनाच माल देत उभा. शेवटी एकेका प्रकल्पाने त्याला यादीतून काढलं, आणि एके दिवशी रॅक आवरताना कुणीतरी वायर काढली.

अनुस्वार

टॉरेंट का नाही वापरत कुणी? आयएसओसाठी मी कायम टॉरेंट लावते, नंतर सीडही करते (उतरवलेलं इतरांना देते).

लॉगबुक

आयएसओसाठी उत्तमच, जरूर लावत राहा. रोजच्या अपडेटांना चालत नाही. हजारो बारक्या फायली, त्याही रोज बदलणाऱ्या, प्रत्येकीला थोडेच गिऱ्हाईक. सीडर जमेपर्यंत पुढची आवृत्ती येते. शिवाय कित्येक कार्यालयांत टॉरेंटचं नाव काढलं की नेटवर्कवाले धावून येतात.

रॅकवाली

नेटवर्कवाली इथेच आहे, धावत नाही :)

सगळं वाचलं. करारही बघितला: ९५ वा पर्सेंटाइल आणि जड बाजूचेच पैसे, रात्रपाळींनी सांगितलं तसंच. तेव्हा करायचं नक्की. सगळं जग भरून ठेवायचा मोह आवरून फेडोराची चालू आवृत्ती, ईपीईएल (रेड हॅटसाठीची जादा पॅकेजं) आणि व्हिडिओलॅन इतकंच घ्यायचा विचार आहे. संपर्काला माझा वैयक्तिक ईमेल न देता गटाचा देणार, त्यात तो कुत्र्याचं भाकीत करणारा सहकारीही घातलाय.

दोन शंका राहिल्या. इतरांना आमच्याकडून आरसिंक करू द्यावं का? आणि लॉग किती काळ ठेवायचे?

सहीशिक्का

लॉगमध्ये कोण कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीचं चालवतो हे सगळं असतं. त्यात कुठल्या मशीनवर जुनं भोक अजून उघडं आहे तेही आलं. बिघाड शोधायला लागतील इतकेच दिवस ठेवा आणि पुसा. एकूण आकडे वेगळे काढून ठेवले की साहेबांना दाखवायला आलेखही होतो.

आरसिंकबद्दल: २०२५ च्या जानेवारीत त्यात गंभीर भोकं निघाली. निनावी वाचायची मुभा असलेल्या सर्व्हरवर बाहेरच्याला कोड चालवता येईल इतकी. ३.४.० मध्ये दुरुस्त झाली. सार्वजनिक मॉड्यूल ठेवणार असाल तर आवृत्ती बघा, एका वेळच्या जोडण्यांना मर्यादा घाला आणि तो डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) बाकी यंत्रणेपासून वेगळा कोंडून ठेवा. खालचे मिरर तुमच्यावर अवलंबून नसतील तर ठेवूच नका.

टर्मिनलवाला

माझा विरोध कायम आहे, पण पत्ता यादीत आला की इथे टाका. एकदा वेग मोजून बघतो.

रात्रपाळी

रॅकवाली, सुरू करण्याआधी एक. पहिल्या सिंकमध्ये काही टेराबाइट तुमच्या आत येणाऱ्या बाजूने येणार, आणि तीच तर तुमची भरलेली आहे. तेव्हा आरसिंकला वेगमर्यादा लावा, रात्रीच चालवा, आठवडा लागला तरी लागू दे. घाईने नोंदणी करू नका, मिररमॅनेजरचा क्रॉलर अर्धवट झाड बघून तुम्हाला बाजूला काढेल. आणि हार्डलिंकचा (एकाच फाइलला दोन नावं) पर्याय आठवणीने द्या. फेडोराच्या झाडात त्या बक्कळ आहेत, नाही दिला तर तीच फाइल दोन-दोनदा उतरेल आणि डिस्क कुठे गेली ते शोधत बसाल.